माझा जबाब सरकारात आहे

एक माणूस जन्मठेपेच्या वाटेवर होता, त्याची बायको माझ्या दारात उभी राहून "कोर्टात चाल" म्हणत होती, आणि मी, वय वर्षं एकोणीस, उंबऱ्याच्या आतून तिला सांगितलं, "मी कशाला येऊ? माझा जबाब सरकारात आहे."

हे वाक्य मी कसल्या ठसक्यात म्हटलं असेल! आजही आठवलं की कान तापतात. अडाणी माणसाचा मूर्खपणा समजून घेता येतो. मी शिकलेली होते. मराठी पाच इयत्ता, तेही एरंडोल तालुक्यातल्या खेड्यात, जिथे माझ्या वयाच्या मुलींना पाटी ही फक्त पोळपाटासारखी दिसणारी वस्तू म्हणून माहीत होती. मला सही करता येत होती. त्या सहीखाली मी दोन रेघा ओढायची. एक पुरत नसे.

गोष्ट दुसरं महायुद्ध लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी आखाजीला माहेरी आले होते. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन पोट तुडुंब झालं की सगळ्याजणी झाडाच्या झोक्यावर. पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात. सणाचा जुगार कोणी जुगार मानत नाही, पण खाकी कपडा दिसला की मात्र अचानक मानतात. हे पुढे उपयोगी पडणार आहे. म्हणजे उपयोगी कसलं, नडणार आहे.

आखाजीला आणखी एक गोष्ट होते. सालदाराचं साल संपतं. वर्षभराच्या बोलीवर शेतात राहिलेला गडी त्या दिवशी जुन्या मालकाकडून मोकळा होतो आणि नव्याकडे लागतो. मधले काही तास तो कोणाचाच नसतो. आमच्या गावातल्या एका मोठ्या बागाईतदाराकडे असाच एक सालदार होता. त्या सकाळी त्यानं मालकाला सांगितलं, यंदा मी तुमच्याकडे राहत नाही. मालकाच्या धाकट्या भावाशी त्याची बोलाचाली झाली. चार लोकांनी ऐकली. मग तो सरळ आमच्या मळ्यात आला, कारण दुसऱ्या दिवसापासून तो आबांकडे, माझ्या वडिलांकडे लागणार होता, आणि आबांनी निरोप ठेवला होता की पोरींना निंबाला झोका बांधून दे.

जेवणं झाल्यापासून तो तिथेच होता. आम्ही अकराजणी. दोर सारखा फांदीवर घासायचा, तो सारखा वर चढून गोणपाट नीट करायचा. आम्ही त्याला छळ छळ छळलं. कोणी म्हणे उंच, कोणी म्हणे खाली. मी म्हटलं, "दादा, मला काही झालं तर माझे सासरे धुळ्याहून येतील हो!" तो वरूनच म्हणाला, "अक्का, तू पडनी तर सासरा पेढा वाटतीन." सगळ्या इतक्या हसलो की झोका तिरका गेला.

तो फांदीवर असतानाच विहिरीकडून आरोळी आली. पाण्याला गेलेली एक बाई ओरडत होती. बागाईतदाराचा धाकटा भाऊ, तोच बोलाचालीवाला, विहिरीच्या काठाशी डोकं फुटून पडला होता. आमचा सालदार झाडावरून उडी मारून धावला. सगळ्यांच्या आधी पोचला, कारण बाकीचे पुरुष पत्ते लपवण्यात गुंतले होते. त्यानं जखमी माणसाला उचललं. सदरा रक्तानं भरला. तो माणूस घरी नेईपर्यंत गेला.

झालं. सकाळचं भांडण होतं, दुपारचं रक्त होतं. जुन्या मालकाच्या दोघा गड्यांनी सांगितलं, आम्ही याला धावताना बघितला. धावत होता हे खरंच. विहिरीकडे धावत होता की विहिरीपासून, एवढाच काय तो फरक, आणि तो फरक त्यांनी आपल्या सोयीनं ठरवला.

सालदाराला धरून नेलं. तिसऱ्या दिवशी फौजदार चौकशीला आले. आमच्या ओट्यावर बसले. गावातले पुरुष त्या दुपारी कुठे होते? सगळे घरी झोपले होते. एकूण एक. इतकं झोपाळू गाव सबंध खानदेशात नसेल. आबासुद्धा झोपले होते, ज्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चौकटची राणी मी स्वतः धुण्याच्या वेळी काढली.

मग मी दाराआडून म्हटलं, "मी सांगते."

फौजदारांनी लिहून घेतलं. मी सगळं सांगितलं, अगदी गोणपाटासकट. जेवणं झाल्यापासून तो आमच्यासमोर होता, आरोळी आली तेव्हा फांदीवर होता. तो मेलेला माणूस जेवून, हात धुऊन घरून निघाला होता हे त्याच्याच घरचे सांगत होते. म्हणजे त्याला मारायला सालदाराला फांदीवरून हात लांब करावा लागला असता. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, सही करते. ते म्हणाले, "बाई, पोलिसांच्या जबाबावर सही लागत नाही." मी म्हटलं, "माझी लागते." आणि केली. खाली दोन रेघा. ते हसले, कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि गेले. मी दिवसभर गावात अशी वावरले की जणू मुक्या लोकांच्या गावात मलाच एकटीला बोलता येतं.

आठवड्यानं सगळ्या लेकी आपापल्या सासरी गेल्या. कोणी अमळनेरला, कोणी पारोळ्याला, कोणी थेट तापीपलीकडे. मी धुळ्याला. साक्षीदार म्हणावेत असे सगळेच्या सगळे अकरा दिशांना पांगले आणि प्रत्येकीवर एकेक सासू बसली.

सालदाराची बायको माझ्याकडे आली ती पावसाळ्यानंतर, खटला उभा राहणार होता तेव्हा. अर्धी वाट पायी, अर्धी आगगाडीनं. कडेवर वर्षाचं पोर. ती म्हणाली, "अक्का, तू चाल ना. तू देखेल शे. तू सांगशी ते त्या ऐकतीन."

त्यावर मी काय म्हटलं ते वर लिहिलंच आहे. वर आणखी समजावूनही सांगितलं. फौजदारांनी माझं बोलणं स्वतः लिहून घेतलंय, खाली सही आहे, तो कागद जज्जसाहेबांच्या पुढे आपोआप जाईल, सरकारचं काम असं शिस्तीचं असतं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "कागद बोलस का, अक्का?"

"बोलतो तर काय!" मी म्हटलं.

सासूबाईंनी मला अडवलं, असं मी बरीच वर्षं सांगत असे. खोटं आहे. सासूबाई त्या वेळी मागच्या अंगणात धान्य वाळत घालत होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. मला अडवलं ते माझ्या ऐटीनं. एकदा सही केली की माझं काम संपलं, आता सरकार आणि कागद बघून घेतील, असं मला मनापासून वाटत होतं.

महिना-दीड महिन्यानं आबांचं कार्ड आलं. "त्यास जन्मठेप झाली. जज्जसाहेब म्हणाले, आरोपी झोक्याजवळ होता असे तो सांगतो, परंतु तसे सांगणारे एकही माणूस पुढे आले नाही. बाकी सर्व क्षेम. कैऱ्यांचे लोणचे पाठवीत आहे."

मी ते कार्ड तीनदा वाचलं. एकही माणूस! मग मी कोण? माझ्या दोन रेघा कुठे गेल्या?

आमच्या बोळात एक म्हातारे वकील राहत. सासऱ्यांचे स्नेही, सगळे त्यांना नाना म्हणत. मी तशीच पदर खोचून त्यांच्याकडे गेले. ते सुपारी कातरत होते.

"नाना, सरकारात दिलेला जबाब हरवतो का?"

"हरवत नाही, सूनबाई. ठेवला जातो. पोलिसांकडे दोन दप्तरं असतात. एक कोर्टाला दाखवायचं, एक आपल्याजवळ ठेवायचं."

"माझा कुठल्यात?"

"तुला सरकारतर्फे साक्षीला बोलावलं होतं?"

"नाही."

"मग दुसऱ्यात."

"त्याच्या वकिलानं का नाही मागितला?"

"त्याला सरकारनं दिलेला वकील. खटल्याच्या सकाळी दोघांची तोंडओळख झाली असेल. असा कागद आहे हे त्या गरिबाला ठाऊक असायचं कारण नाही. आणि ठाऊक असतं तरी काय? सरकार ज्याला साक्षीला उभं करतं, त्याच्याच जबाबाची नक्कल आरोपीला मागता येते. तुला उभंच केलं नाही."

हे मला नीट मांडून बघायचं होतं. "म्हणजे जो कागद त्याला अडकवेल त्याची नक्कल मिळणार. आणि जो सोडवेल, तो आहे हेसुद्धा त्याला कळणार नाही?"

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "मला हे कळायला दहा वर्षं वकिली करावी लागली."

त्या दिवशी मला जो संताप आला तो आजवर पुरलाय. लोक म्हणतात म्हातारपणी राग निवतो. माझा नाही निवला, मी निवू दिला नाही. चोर वस्तू लपवतो ते समजतं, त्याचा तो धंदाच. पण इथे ज्यांच्या हातात त्या माणसाचं सबंध आयुष्य होतं, त्यांनीच त्याच्या सुटकेचा कागद घडी घालून पिशवीत टाकला, वर कोर्टात उभं राहून म्हणाले, कोणी पुढे आलं नाही. मी आले होते! ओट्यावर, सगळ्या गावासमोर, डोक्यावर पदर घेऊन! आणि जज्जानंही विचारलं नाही की अहो, झोक्यावर बायका होत्या ना, मग त्यातल्या एकीला तरी पोलिसांनी विचारलं असेलच की, काय म्हणाली ती? झोका म्हटला की बायका आल्याच. त्याला काही कायद्याचं पुस्तक लागत नाही.

अपिलाला मुदत होती. नानांनी मुंबईच्या एका ओळखीच्या वकिलाला पत्र घातलं. मी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर प्रतिज्ञापत्र केलं. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना दोन रात्री झोप नाही, हेडमास्तर काय म्हणतील म्हणून. सासूबाईंना मी सगळं खरं सांगितलं, त्या बाईला दारातून परतवून लावलं तेसुद्धा. त्या म्हणाल्या, "जा. पदर ढळू देऊ नकोस आणि आवाज चढवू नकोस." पदर नाही ढळला.

शिवाय मी बाकीच्या दहाजणींना कार्डं टाकली. आपण सगळ्यांनी मिळून सांगू. दहांपैकी सहांचं उत्तरच नाही. तिघींच्या भावांनी लिहिलं की ताईंची तब्येत ठीक नसते. एकीच्या सासऱ्यांनी लिहिलं, "आमचे सुनेस त्या दिवशी काही दिसले नाही." त्यांची सून माझ्या मागे त्याच पाटावर उभी राहून झोका घेत होती. बहुतेक डोळे मिटून घेत असावी.

वरच्या कोर्टात सरकारतर्फे आधी सांगितलं गेलं की असा जबाब नाही. मग आमच्या वकिलानं प्रतिज्ञापत्र पुढे केलं, त्यात मी सहीच्या दोन रेघांसकट वर्णन लिहिलं होतं. न्यायाधीशांनी हुकूम दिला, पोलिसांचं सगळं दप्तर आणा. आणलं. आणि त्यात तो कागद निघाला. हरवला नव्हता, फाटला नव्हता. दोऱ्यानं शिवलेल्या गठ्ठ्यात नीट बसला होता. मग खालच्या कोर्टाला हुकूम आला की या बाईची साक्ष घ्या.

सरकारी वकील उंच, गोरे, अगदी गोड बोलणारे. "बाई, तुम्ही झोक्यावर होता की खाली?"

"वर."

"झोका चालू असताना तुमचं लक्ष या इसमाकडे होतं?"

"माझा जीव ज्याच्या दोरावर, त्याच्याकडे नाही तर कोणाकडे असणार?"

कोर्टात कोणीतरी हसलं. वकील नाही हसले. "मग खटला चालला तेव्हा आपण का आला नाहीत? आरोपीची बायको आपल्या घरी आली होती, हे खरं ना?"

"खरं."

"मग?"

इतकी वर्षं तोंडाळ म्हणून नावाजलेली मी, पण खाली बघून म्हटलं, "मी जबाब दिला होता. मला वाटलं, तुम्ही तो दाखवाल."

ते कागद चाळत बसले.

बाहेर व्हरांड्यात फौजदार भेटले. तेच. पोट जरा सुटलेलं. त्यांनीच हाक मारली, "नमस्कार बाई. ओळखलंत का?"

"तुम्ही माझा कागद लपवलात."

"लपवला कुठे? मी तो फाडला का? बघा, किती जपून ठेवला होता!" त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला होता. "सणाचा दिवस, बायकांची थट्टामस्करी. तपासाच्या कामाचं काही वाटलं नाही. एवढंच."

आवाज चढवू नकोस, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. तो मी तिथे चढवला. काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पट्टेवाला धावत आला एवढं सांगते.

अपील मंजूर झालं. सालदार सुटला, म्हणजे अटक झाल्या दिवसापासून तीन वर्षांनी. खरा मारेकरी कोण ते कोणी शोधलं नाही. त्या तीन वर्षांत त्याची आई गेली. कडेवरचं पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि बाप घरी आला तर कणगीमागे लपलं. गावात लोक म्हणत, "सुटला, पण उगाच कोणी तीन वर्षं आत ठेवतं का?" पुढची आखाजी आली तेव्हा एकाही मालकानं त्याला सालाची बोली केली नाही. आबांनीसुद्धा नाही. आबा म्हणाले, "यंदा गडी भरेल शेतस." म्हणजे जागा नाही. मी त्यांच्याशी त्या खेपेला चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण त्यांनी आंबे आणले. मी काही फार मोठ्या तत्त्वाची बाई नव्हते.

निघायच्या आदल्या सकाळी मी त्याच्या घरी गेले. लुगडं, खण, पोराला टोपी असं घेऊन. तो वीटभट्टीवर कामाला गेला होता. बायको ओसरीवर डाळ निवडत होती. तिनं घोंगडी पसरली, पाणी दिलं. मी माफी मागितली. खरी मागितली, ऐट न करता, म्हणजे मला तसं वाटलं. पण माझ्यासारखीला नुसती माफी मागून थांबवतं थोडंच! मी पुढे माझी फिर्याद सांगायला लागले. त्या दहाजणींना मी कशी कार्डं टाकली. एकीनंही कसं तोंड उघडलं नाही. अकरा बायकांनी बघितलं आणि बोलले मी एकटी.

ती सूप हातात धरून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "अक्का, अकरा नही, बारा. मी बी तठेच व्हती, निंबना खाले, पोरले मांडीवर लिसन. आरोळी उनी तव्हय त्यानी वरतून दोर मनाच हातमा दिधा व्हता. माले फौजदारनी इचारं नही, वकीलनी इचारं नही, आनि तू दहा जनीस्ले कार्ड धाडं, पन माले तू बी इचारं नही."